हिरडीचं कलम: कोणतं चांगलं, आणि कशासाठी चांगलं?

मागच्या व्याख्यानांत आपण अनुमान म्हणजे काय, पुरावा कशाला म्हणायचं, हे सगळं जरा कोरडेपणाने पाहिलं. आज तेच एका ओल्या जागी नेऊन बघू, म्हणजे तोंडात. नरखेडात बसून हिरड्यांवर व्याख्यान कशाला, असं काहींनी विचारलं. उत्तर सरळ आहे. आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीतल्या पुष्कळांना दातांच्या डॉक्टरांकडून एक वाक्य ऐकायला मिळतं: "हिरडी सरकली आहे, ग्राफ्ट करावं लागेल." मग दोन-तीन इंग्रजी नावं, दोन-तीन वेगवेगळे खर्च, आणि हातात एक कागद. माणूस तो कागद घेऊन घरी येतो आणि विचारतो, यातलं चांगलं कोणतं?

आम्ही दंतवैद्य नाही. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण "चांगलं" हा शब्द आमच्या विषयाचा आहे, आणि या प्रश्नात खरी अडचण त्याच शब्दाची आहे. कोणत्या तोंडात कोणती शस्त्रक्रिया करायची हे तोंडात पाहिल्याशिवाय कुणीच सांगू नये. आज आपण फक्त एवढं बघू, की या पद्धती एकमेकींपासून वेगळ्या कशामुळे होतात आणि त्यांची तुलना करताना काय विचारायचं.

आधी दुखणं समजून घेऊ. दाताचं डोकं आणि मूळ जिथे मिळतात, तिथे हिरडीची कड असायला हवी. ती मागे सरकली की मूळ उघडं पडतं. मुळावर डोक्यासारखं कठीण इनॅमल नसतं. म्हणून गार पाणी लागतं, झणझणतं, मुळाला कीड लागायची शक्यता वाढते, आणि दात लांब दिसतात. हिरडी सरकते का? काहींची हिरडी आणि तिच्याखालचं हाड मुळातच पातळ. काहींचा दात ओळीच्या बाहेर. काही जण दात नव्हे, भांडी घासल्यासारखा ब्रश आडवा चालवतात. दातांवर साचलेल्या किटणामुळे हिरडी सुजते आणि हाड झिजतं. शिवाय आपली खास कारणं आहेत. मशेरी बोटाने घासणं. गालात एकाच जागी तंबाखू-चुना धरून ठेवणं. आणि खर्रा. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटण्याचा आवाज काही थांबला नाही.

आता "कलम" या शब्दाकडे येऊ. ग्राफ्ट म्हणजे कलम. काटोल, नरखेड, वरूड या पट्ट्यात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, पट्टी बांधतात आणि वाट बघतात. हिरडीच्या शस्त्रक्रियेचं वर्णन ऐकून एका बागायतदारांनी आम्हाला म्हटलं, "सर, हे तं डोळा भरल्यावानीच झालं!" बरोबर आहे, आणि उपमा बरीच लांबपर्यंत चालते. डोळा खुंटाच्या जिवंत थराला चिकटून राहिला पाहिजे, हलता कामा नये, सुकता कामा नये. हिरडीच्या कलमाचंही तसंच. मात्र एके ठिकाणी हिरडीचं काम संत्र्यापेक्षा अवघड आहे. डोळ्याच्या पाठीमागे पूर्ण जिवंत खोड असतं. हिरडीचं कलम जिथे बसवायचं, तिथे मधोमध दाताचं उघडं मूळ असतं, आणि त्या मुळातून कलमाला रक्त मिळत नाही. जणू खोडावर मध्येच दगड जडवला आहे आणि त्यावर डोळा भरायचा आहे.

सगळ्या पद्धतींमधला फरक या एका अडचणीतून निघतो: मुळावरच्या मांसाला रक्त कुठून मिळणार? नावं विसरलात तरी चालेल, हा प्रश्न मात्र धरून ठेवा.

याला दोन उत्तरं आहेत. पहिलं उत्तर पुण्याजवळ दिलं गेलं आणि तिथून जगभर गेलं, म्हणून थोडं थांबतो. कावसजी नावाचा एक बैलगाडीवान इंग्रज फौजेबरोबर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात याचं वर्णन चित्रासह छापलं गेलं. मेणाचा नाकाएवढा तुकडा कपाळावर पसरून माप घ्यायचं, तेवढं कातडं सोडवायचं, पण दोन भुवयांच्या मधली एक पट्टी कापायची नाही. त्या पट्टीतून रक्त येत राहतं. कातडं खाली वळवून नाकाच्या जागी बसवायचं, आणि ते तिथे रुजल्यावर, साधारण पंचविसाव्या दिवशी, पट्टी तोडायची. हे वाचून कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. मांस हलवा, पण त्याची रक्ताची नाळ तोडू नका, हे झालं पहिलं उत्तर. सुश्रुतसंहितेत कान-नाक जोडण्याची पद्धत याच विचाराची आहे. (हिरड्यांचे म्हणजे दंतमूलांचे पंधरा रोगही सुश्रुताने मोजले आहेत. पण उघड्या मुळावर कलम बसवणं तिथे आहे, असा दावा कुणी केला तर आपण टाळ्या वाजवू नयेत.)

हिरडीत या उत्तराला फ्लॅप म्हणतात. आपण पदर म्हणू. १९५६ मध्ये ग्रूप आणि वॉरन यांनी शेजारच्या दाताची हिरडी बाजूला सरकवून उघड्या मुळावर ओढण्याची पद्धत मांडली. रंग जुळतो, टाळूला जखम नाही. पण शेजाऱ्याच्या घरातून उचलायचं, तर शेजाऱ्याकडे भरपूर हवं. नाहीतर एक दात झाकला आणि दुसरा उघडा पडला, अशी गत. म्हणून आज जास्त वापरला जातो तो दुसरा प्रकार. त्याच दाताची हिरडी सैल करून दाताच्या डोक्याच्या दिशेने ओढून घ्यायची आणि टाके घालायचे. खाली उरलेली हिरडी जाड आणि पुरेशी असेल, तर हे काम सुबक होतं. ती पातळ असेल, तर ओढलेला पातळ पदर पुन्हा मागे सरकण्याची भीती राहते.

दुसरं उत्तर म्हणजे नाळ तोडूनच मांस आणायचं. टाळूवरून, साधारण सुळ्याच्या मागून पहिल्या दाढेपर्यंतच्या भागातून, दीडेक मिलिमीटर जाडीचा तुकडा काढायचा आणि हिरडीच्या जागी शिवायचा. हे फ्री जिंजायव्हल ग्राफ्ट. १९६० च्या दशकात ही पद्धत रुळली, आणि सलिव्हन व ॲटकिन्स यांचे १९६८ चे लेख अजून शिकवले जातात. तुकड्याचं काय होतं बघा. पहिले दोन-तीन दिवस त्यात रक्त फिरत नाही. खालून झिरपणाऱ्या द्रवावर तो कसाबसा तग धरतो. मग कडेच्या आणि तळाच्या रक्तवाहिन्या त्यात शिरू लागतात, आणि दीडेक आठवड्यात रक्तपुरवठा जमतो. या काळात कलम हललं किंवा खाली रक्ताची गाठ धरली, तर खेळ खलास. टाळूची जखमही उघडीच असते आणि ती भरायला दोन ते चार आठवडे घेते. रंगही जुळत नाही. गुलाबी हिरडीवर टाळूच्या फिक्या रंगाचं ठिगळ दिसतं.

मग हे करतात कशाला? कारण ते मजबूत असतं. खालच्या समोरच्या दातांपाशी, जिथे हिरडी चिंधीसारखी पातळ आहे, ओठ हलला की ओढली जाते, ब्रश लागला की दुखते, तिथे रंगाला कोण विचारतो? बोलताना ती जागा दिसतही नाही. तिथे जाड, घट्ट, न हलणारी हिरडी हवी असते, आणि ते काम ही जुनी पद्धत चोख करते.

१९८५ मध्ये लँगर आणि लँगर यांनी दोन्ही उत्तरं एकत्र केली. टाळूच्या वरच्या कातडीला झाकणासारखं उघडायचं, आतलं नुसतं संयोजी ऊतक काढायचं आणि झाकण परत शिवायचं. हे आतलं मांस मुळावर ठेवायचं आणि त्यावर हिरडीचा पदर ओढायचा. यालाच कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्ट म्हणतात. आता कलमाला रक्त खालूनही मिळतं आणि वरच्या पदरातूनही. कपड्याला अस्तर लावावं, तसं. रंग जुळतो, जाडी येते, टाळूची जखम बहुतेक झाकलेली राहते. त्याच वर्षी रेट्झके यांनी पदर पूर्ण न उघडता पाकिटासारखी फट करून त्यात कलम सरकवलं. पुढे १९९० च्या दशकात शेजारच्या दातांची पाकिटं आतून जोडून बोगद्याची पद्धत आली. २०१२ मध्ये चाओ यांनी छोट्याशा छिद्रातून हिरडी सैल करून सरकवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जाहिरातीत "बिनटाक्याची" म्हणून जी सांगतात, ती हीच. सोय मोठी आहे, पण तिच्या पाठीशी जुन्या पद्धतींइतका लांब मुदतीचा अनुभव नाही. नवं म्हणजे वाईट नव्हे. मात्र नवं म्हणजे सिद्ध, असंही नव्हे.

टाळूचं आतलं मांस हिरडीखाली घातल्यावर वरची कातडी कुणासारखी होते, हा प्रश्न आम्हाला फार आवडतो. १९७५ मध्ये कारिंग, लांग आणि लो यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवलं, की वरच्या पेशींचा स्वभाव खालचं संयोजी ऊतक ठरवतं. घट्ट हिरडीतलं मांस सैल त्वचेखाली ठेवलं, तर वरची त्वचा घट्ट हिरडीसारखी तयार होते. सैल जागेतलं मांस ठेवलं, तर ती सैलच राहते. म्हणजे मूळ कुठलं, यावर रूप ठरतं. जंबेरीवर बसवला तरी संत्र्याचा डोळा संत्रंच देतो, तसं काहीसं. फ्री ग्राफ्टचं ठिगळ वर्षानुवर्षं टाळूसारखंच का दिसतं, तेही यातून कळतं.

आता तुलना. कोणती पद्धत मूळ जास्त झाकते, यावर शेकडो लेख आहेत. कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये ४८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. निष्कर्ष असा, की मूळही झाकायचं आणि घट्ट हिरडीही वाढवायची असेल, तर संयोजी ऊतकाचं कलम सर्वात भरवशाचं. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जी दवाखान्यातल्या पत्रकावर छापली जात नाही. त्या ४८ पैकी पूर्वग्रहाचा धोका कमी आहे, असं फक्त एका चाचणीबद्दल म्हणता आलं.

आणि आकडा कसा ऐकायचा, तेही शिकलं पाहिजे. "सरासरी ८० टक्के मूळ झाकलं जातं" याचा अर्थ काय? दहा जणांचं प्रत्येकी ८० टक्के झाकलं, तरी सरासरी ८०. आठ जणांचं पूर्ण झाकलं आणि दोघांचं मुळीच नाही, तरीही ८०. ज्याला झणझण थांबवायची आहे, त्याच्यासाठी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून डॉक्टरांना विचारायचं ते सरासरी नव्हे. विचारायचं, "माझ्या या दाताचं मूळ पूर्ण झाकलं जाण्याची शक्यता किती?"

इथे न्यायशास्त्रातली उपाधी आठवा. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं नाही. इंधन ओलं असेल तरच धूर. ते ओलं इंधन म्हणजे उपाधी. "हे कलम केलं की मूळ झाकतं" या वाक्यामागेही ओलं इंधन आहे. या चाचण्यांमधले बहुतेक रुग्ण असे, की दोन दातांमधली हिरडी आणि हाड शाबूत आहे. मांडवाचं कापड डांबांपेक्षा उंच राहत नाही. दातांमधलं हाडच खचलं असेल, तर कोणतंही कलम मुळाला पूर्ण झाकू शकत नाही. मिलर यांनी १९८५ मध्ये केलेले चार वर्ग आणि कायरो व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेले तीन प्रकार याच कारणासाठी आहेत. कागदावर तुमचा वर्ग लिहिला नसेल, तर विचारा.

दुसरी उपाधी तंबाखूची. पुष्कळ चाचण्यांत विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना घेतलेलंच नसतं, कारण त्यांच्यात कलमाचे निकाल खालावतात, हे माहीत आहे. खर्रा खाणारा माणूस त्या चाचणीत नव्हता. तेव्हा तिथला आकडा त्याचा नाही. बुंध्याशी पाणी साचत राहिलं, तर बोर्डो पेस्ट लावूनही डिंक्या परत येतो, हे इथे कुणाला सांगायला नको.

आता सर्वात अवघड भाग. कलम करायचंच का? केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये सहा वर्षांचा अभ्यास छापला. एकाच माणसाच्या तोंडात एका बाजूला फ्री ग्राफ्ट, दुसऱ्या बाजूला काही नाही, फक्त नियमित सफाई आणि देखभाल. देखभाल चालू राहिली, तिथे बिनकलमाची बाजूही टिकली. पण काही जणांनी मध्येच येणं सोडलं. त्यांच्यात बिनकलमाच्या बाजूला सूज दिसली आणि हिरडी आणखी सरकली. इटलीतल्या आगुदिओ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा ते सत्तावीस वर्षांचा मागोवा घेतला. कलम केलेल्या जागा टिकल्या, काही ठिकाणी कड थोडी पुढेही आली. त्याच तोंडातल्या, कलम न केलेल्या जागा कालांतराने आणखी सरकल्या.

हे दोन्ही शेजारी ठेवा. ज्याला दर सहा महिन्यांनी सफाईला जाणं जमतं आणि जो ब्रश नीट करतो, त्याचं पुष्कळदा कलमाशिवाय निभतं. ज्याला ते जमत नाही, त्याला जाड हिरडीचं संरक्षण जास्त हवं असतं. आता आपल्या तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जलालखेडा किंवा मोवाडच्या शेतमजूर बाईला हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे जायचं, तर काटोलमार्गे नागपूर गाठावं लागतं, आणि एक दिवसाची मजुरी बुडते. देखभाल सुटण्याचा धोका तिलाच जास्त. म्हणजे जिला कलमाचा फायदा अधिक, तिच्यापर्यंतच ते पोचत नाही. आणि ज्यांना ते शहरात सहज मिळतं, त्यांतल्या काहींना ते फक्त फोटोत दात लांब दिसतात म्हणून हवं असतं. त्यात गैर काही नाही, दिसणंही माणसाचंच असतं. पण "चांगली पद्धत कोणती" या प्रश्नाचं उत्तर या दोघींसाठी एक कसं असेल? आमचं मत विचाराल, तर त्या बाईच्या खालच्या समोरच्या दातांसाठी ते जुनं, ठिगळ दिसणारं, मजबूत फ्री ग्राफ्ट पुष्कळदा शहाणपणाचं ठरेल, आणि "आता हे कुणी करत नाही" असं म्हणून ते मोडीत काढू नये.

एक मुद्दा संमतीचा. टाळूला जखम नको म्हणून बाहेरचं साहित्य वापरतात. मृत दात्याच्या त्वचेतल्या पेशी काढून केलेलं जाळं असतं, डुकरापासून केलेलं कोलॅजेन असतं, गुरांपासून केलेलंही असतं. टाळूची वेदना वाचते. निकाल पुष्कळदा स्वतःच्या मांसापेक्षा थोडा उणा आणि खर्च जास्त. पण आपल्याकडे गळ्यात तुळशीची माळ असलेली घरं आहेत, मुसलमान घरं आहेत. हे कुठून आलं, हे आधी सांगितलंच पाहिजे. नंतर कळणं म्हणजे संमती नव्हे. स्वतःचंच रक्त यंत्रात फिरवून त्याचा जाळीदार गोळा, म्हणजे पीआरएफ, पदराखाली ठेवण्याची पद्धत भारतात बरीच वापरतात. स्वस्त आहे आणि स्वतःचं आहे. मात्र संयोजी ऊतकाइतकी जाडी त्यातून मिळेल, असं धरून चालू नये.

आता आलेल्या चिठ्ठ्या घेऊ.

"खर्रा सोडल्यावर लगेच करता येतं का?" आधी सफाई, मग हिरडीची सूज उतरू द्यायची, ब्रशची सवय बदलायची. यात काही आठवडे जातातच. तेवढे दिवस खर्रा सुटलेला राहतो का, तेही कळतं. तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर मात्र कलम बाजूला ठेवा आणि आधी ते दाखवा. खर्ऱ्याने गालाचं अस्तर ताठरतं, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

"कलम केलं तर हलणारा दात घट्ट होतो का?" नाही. दात हलतो तो मुख्यतः हाड झिजल्यामुळे. हे कलम मांसाचं आहे, हाडाचं नाही. त्याचे इलाज वेगळे.

"नागपूरला किती फेऱ्या?" पहिली तपासणी आणि सफाई. मग एकदा हिरडी निवळली का ते पाहणं. मग शस्त्रक्रिया, जागा बधिर करून, आणि त्याच दिवशी घरी. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर त्या जागी ब्रश नाही, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने चूळ भरायची, आणि खाणं मऊ. नंतर एक-दोनदा दाखवणं. शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे वेळ लागतो, पण काम शिकवणाऱ्यांच्या नजरेखाली होतं. टाळूवरून मांस घेणार असतील, तर टाळूला बसणारी पातळ ॲक्रिलिकची प्लेट आधी करून द्याल का, एवढं विचारा. जखम झाकली जाते आणि जेवताना बोचत नाही. तिचं माप सफाईच्या फेरीतच देता येतं, म्हणजे एक चक्कर वाचते.